टपावरचा कूलर

माझ्या लग्नात भाऊंनी आहेरात स्टीलचा डबा दिला आणि वर मांडवाचं तापमान सांगितलं. वैशाखातलं लग्न, दुपारची पंगत, माणसं घामाने निथळताहेत, आणि हे मांडवाच्या मधोमध उभे राहून मिलचं थर्मामीटर जत्रेतल्या खुळखुळ्यासारखं गरागरा फिरवताहेत. सासरकडची मंडळी बघतच राहिली. भाऊंनी काचेच्या दोन्ही नळ्या डोळ्याजवळ नेल्या आणि माझ्या सासऱ्यांना सांगितलं, की कोरड्या नळीत एकेचाळीस आहे, ओलं फडकं बांधलेल्या नळीत चोवीस. पश्चिमेची कनात उघडा आणि आमरस आधी वाढा, नाहीतर आंबेल. सासऱ्यांना वाटलं, कोणी सरकारी साहेब असतील. त्यांनी मुकाट्याने कनात उघडली. आणि खरं सांगतो, मांडवात वारा खेळायला लागला.

भाऊ हिंगणघाटच्या मिलमध्ये ह्युमिडिटी खात्यात होते. हे खातं काय ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. कताईच्या खात्यात हवा कोरडी झाली की सूत तुटतं, फार ओली झाली की यंत्राला चिकटतं. म्हणून हवेत पाण्याचे बारीक फवारे सोडायचे, दर तासाला थर्मामीटर बघायचं आणि वहीत लिहायचं. वही लिहिण्याचं काम माझं. मी त्यांचा मदतनीस, वयाने पंधरा वर्षांनी लहान, आणि राहायला त्याच चाळीत, भिंतीला भिंत लागून.

आता या वयात लपवून काय करायचं? ती वही आम्ही सगळेच बसल्या जागी लिहीत होतो. पाळी संपता संपता आठ तासांचे आठ आकडे एका दमात काढायचे. मागच्या आकड्यात एक इकडे, एक तिकडे. साहेबाला जो आकडा आवडतो त्याच्या आसपास राहायचं, म्हणजे साहेब सही करून मोकळा आणि आपणही मोकळे. भाऊ असले म्हणजे मात्र डोक्याला ताप होता. ते दर तासाला स्वतः येऊन बघायचे. एकदा मी न बघता लिहिलेला आकडा त्यांनी पकडला, तेव्हा रागावले नाहीत. आठवडाभर माझ्याशी बोललेच नाहीत. त्यापेक्षा रागावले असते तर परवडलं असतं.

हवेबद्दल ते बाईमाणसाबद्दल बोलावं तसं बोलत. ती रुसली, ती आज जड आहे, ती दारातून येते पण खिडकीतून जात नाही. पंख्याखाली बसत नसत. पंखा हवा थंड करत नाही, नुसती हालवते, असं म्हणत. कोणाच्या घरी गेले की खाट कुठे आहे ते आधी बघायचे. माझी आई उन्हाळ्यात रात्र रात्र तळमळायची. भाऊंनी तिची खाट पत्र्याखालून काढून दाराच्या तिरप्या रेषेत ठेवली, आणि म्हातारी त्या रात्रीपासून झोपायला लागली. चाळीतल्या निम्म्या खाटा त्यांनी अशाच हलवल्या होत्या. बायका हसायच्या, पण खाट परत जुन्या जागी कोणी नेली नाही.

त्यांच्या स्वतःच्या घरात वैनींना दमा होता.

वैनी आष्टीकडच्या. माहेरी मळा, वांगी, कोबी, मेथी, मोकळं शिवार. लग्न करून आल्या त्या मिलच्या चाळीत, आणि चाळीच्या मागे कापसातली सरकी काढायचा जिनिंग कारखाना. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की चार-पाच महिने हवेत रुईचं तूस उडत राहायचं. दोरीवर वाळत घातलेलं लुगडं संध्याकाळी पांढरं व्हायचं. पाण्याच्या पितळी गुंडावर साय धरावी तसा थर. आम्हाला त्याचं काही वाटत नसे, पण वैनींची छाती भरायची. संक्रांतीच्या आगेमागे एक मोठा झटका ठरलेलाच. मग नागपूरचं इस्पितळ. पंच्याहत्तर किलोमीटर. भाऊंकडे लिलावातली एक जुनी जीप होती, डिझेल इंजिन बसवलेली. ती रडतखडत अडीच तास घ्यायची, आणि तेवढा वेळ वैनी मागे बसून एकेक श्वास ओढून काढायच्या.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, की बाईंना इथून हलवा. वैनींच्या भावानेही सांगितलं होतं, मळ्यावर दोन खोल्या रिकाम्या आहेत, दोघंही या. भाऊंनी ऐकलं नाही. सासुरवाडीत जाऊन राहायचं म्हणजे त्यांच्या जिवावर आलं असतं. शिवाय त्यांना मनापासून वाटत होतं, की आपण गेलो तर मिलमधलं सूत तुटेल. रिटायर व्हायला सहा वर्षं होती. तोवर काय, तर जीप जोरात पळवायची. अडीच तासांचा सव्वा तास करायचा. माणसाचं डोकं कुठे चालेल काही सांगता येत नाही.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट आहे. नदीच्या वरच्या अंगाला धरणाचं काम चाललं होतं, तिथल्या एका निकामी डोजरचा टर्बो भाऊंनी मिळवला. आमच्यापैकी कोणी तो शब्दही ऐकला नव्हता. त्यांनी मला अंगणात बसवून समजावलं. इंजिनाचा धूर फुकट जातो. त्या धुराने एक चाक फिरवायचं. त्याच दांड्यावर दुसरं चाक, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. जास्त हवा, जास्त डिझेल, जास्त ताकद. पण हवा दाबली की तापते. सायकलला पंप मारताना पंपाचं बूड चटका देतं तशी. आणि तापलेली हवा विरळ होते, म्हणजे कोंबून उपयोग काय? तेव्हा टर्बोतून निघालेली हवा इंजिनात शिरण्याआधी थंड करायची. त्यासाठी त्यांनी मिलच्या भंगारातल्या तांब्याच्या नळ्या आणि पत्र्याच्या पट्ट्या जोडून एक जाळीदार पेटी केली. माझा नातू आता सांगतो, की त्याला इंटरकूलर म्हणतात. आम्ही त्याला कूलरच म्हणायचो.

कूलर झाला, पण तो बसवायचा कुठे, यातच भाऊंचं दीड वर्ष गेलं. आधी बॉनेटखाली, इंजिनाच्या डोक्यावर. तिथे इंजिनाच्याच उष्णतेने तो तापायचा. गाडी उभी राहिली की हात लावू देत नसे. मग समोर, रेडिएटरच्या पुढे. तिथे वारा चांगला मिळाला, पण रेडिएटरला मिळेना आणि पाणी उकळायला लागलं. मग गाडीच्या पोटाखाली. तिथे धूळ आणि गोटे. सुताला खळ लावणाऱ्या सायझिंग खात्यातून टाकून दिलेली, लांब तारेची दोन तबकडी-थर्मामीटरं त्यांनी जीपमध्ये माझ्या सीटसमोर लावली होती. एक टर्बोतून निघणारी हवा दाखवायचं, दुसरं इंजिनात शिरणारी. भाऊ गाडी चालवणार आणि मी दर किलोमीटरच्या दगडाला दोन्ही काटे बघून लिहिणार, असा आमचा रविवार.

मी एकदा धीर करून बोललो, की भाऊ, वैनींना त्रास होतो थंडीत आणि तुम्ही उन्हाळ्याचा इलाज करून राहिलात. त्यांनी माझ्याकडे अगदी कीव करून पाहिलं. दाबलेली हवा थंडीतही तापतेच, आणि जी गाडी मे महिन्यात चालली ती पौषात डोळे मिटून चालेल, असं त्यांचं म्हणणं. हिशेब चुकीचा नव्हता. भाऊंचा हिशेब कधीच चुकीचा नसे, म्हणून तर त्यांच्याशी वाद घालता येत नसे.

त्या मे महिन्यात त्यांनी कहर केला. भर दुपारी नागपूर रोडवर एक लांब बांबू उभा धरून बसले. बांबूला चार थर्मामीटरं बांधलेली: घोट्याजवळ, कमरेला, डोक्याला आणि त्याच्याही वर हातभर. येणारे-जाणारे ट्रकवाले गाडी हळू करून विचारायचे, काय मोजून राहिले बाबूजी? संध्याकाळी घामाने भिजलेले भाऊ चाळीत आले ते चेहरा उजळूनच. डांबराच्या जवळची हवा सगळ्यात तापलेली, जितकं वर जावं तितकी थंड. म्हणजे आपण सगळे खालीच शोधत होतो. कूलर टपावर पाहिजे.

वैनी तेव्हा चहा घेऊन आल्या होत्या. कप ठेवता ठेवता त्या हळूच म्हणाल्या, "अजी, इंजिनाच्या हवेसाठी चार जागा पाह्यल्या तुमी. माह्यासाठी एक पाहा ना."

भाऊंनी कागदावरून मान वर केली नाही. रिटायर झाल्यावर पाहू, असं काहीतरी पुटपुटले. वैनींनी पुन्हा विषय काढला नाही. मला तिथे बसवेना, मी चहा तसाच ठेवून घरी आलो.

टपावर कूलर बसवला तेव्हा अख्खी चाळ बघायला जमली. कापडी हुडावर लोखंडी चौकट, चौकटीवर पेटी, पेटीपुढे घरच्या कूलरसारखी वाळ्याची ताटी आणि तिच्यावर थेंब थेंब पाणी सोडणारा डबा. इंजिनापासून टपापर्यंत जायला सात हात नळी आणि तेवढीच परत यायला. मध्ये मिलच्या पाण्याच्या पाइपाचे रबरी तुकडे पट्ट्यांनी आवळलेले. जीप आहे की घर, असं लोक म्हणायला लागले. भाऊंनी मला सांगितलं, की रेडिएटर मोकळा सोडून समोर एका बाजूला कूलर लावला होता, त्या जागेचे परवाचे आकडे आपल्याकडे आहेतच, आज टपाचे घेऊ. जे कमी तेच कायम ठेवू. तू फक्त नीट पाहजो.

आणि मी नीट पाहिलं नाही.

दुपारी एकची वेळ होती. हिंगणघाटहून जामच्या चौरस्त्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. पहिले तीन दगड मी नीट लिहिले. चौथ्याला डोकं गरगरायला लागलं. अंगात आग, तोंडाला कोरड, डोळ्यांपुढे दोन दोन काटे. ऊन लागलं होतं. भाऊंना सांगायला पाहिजे होतं, पण ते इतके खुशीत होते, गाडी अशी काही ओढत होती, की म्हटलं आता उगाच खोडा कशाला. मी मान खाली घातली आणि मिलच्या वहीत करायचो तेच केलं. पहिल्या तीन आकड्यांवरून पुढचे सगळे काढले. एक इकडे, एक तिकडे. भाऊंना काय पाहिजे ते मला माहीतच होतं, तेव्हा तसेच काढले. जामला एकदा ओझरतं डोळ्यांना दिसलं, की इंजिनात शिरणाऱ्या हवेचा काटा नव्वदच्या पुढे गेला आहे. मी बासष्ट लिहिलं.

त्या कागदावर टपाची जागा पक्की झाली. समोरच्या जागेला नळी हातभर लागत होती आणि सांधे फक्त दोन. टपाला सांधे आठ. मला हे दिसत नव्हतं असं नाही. पण आता तोंड उघडलं तर सगळंच सांगावं लागेल, म्हणून मी गप्प बसलो. आठ दिवसांनी बोलू, महिन्याने बोलू, असं करत करत दिवाळी आली आणि जिनिंग सुरू झालं.

संक्रांतीच्या चार दिवस आधी सकाळी वैनींना झटका आला. ओठ निळे पडले होते. भाऊंनी वाळ्याची ताटी काढून टाकली, जीप काढली. मी मागे बसलो, वैनींना पाठीने धरून. गावाबाहेर पडलो आणि खरंच सांगतो, ती जीप कधी पळाली नव्हती तशी पळाली. जाम वीस मिनिटांच्या आत मागे पडलं. भाऊंनी मान वळवून मागे पाहिलं. पंधरा वर्षांच्या ओळखीत त्यांना इतकं आनंदलेलं मी पाहिलं नव्हतं. वैनींनीही मान हलवली. मला वाटलं, चला, पार पडलं. माझा खोटा कागदही पार पडला.

पुढे चढ आहे. तिथे भाऊंनी पाय दाबला आणि वर टपावर फाडकन आवाज झाला. रबराचा एक तुकडा सांध्यातून सुटला होता. दाबलेली हवा सगळी बाहेर, आणि डिझेल मात्र वाढवून ठेवलेलं. हवा नाही आणि डिझेल जास्त, म्हणजे धूर. काळा, दाट, तव्यावर तेल जळावं तसा. जीप मागून उघडी. धूर मागून वर येऊन हुडाखाली शिरला. ताकद कमी झाली म्हणून भाऊंनी पाय आणखी दाबला, आणि धूर आणखी वाढला. वैनींनी माझी मनगटं अशी धरली की नखं रुतली. मी ओरडलो तेव्हा भाऊंनी गाडी थांबवली.

वैनींना मी तिथल्याच एका लहान पुलाच्या कठड्यावर बसवलं. त्यांच्या नाकातोंडावर काजळी बसली होती. श्वास आत जातो की नाही ते कळत नव्हतं. आणि भाऊ? भाऊ पाना घेऊन टपावर चढले होते. पाचच मिनिटं, पाचच मिनिटं, असं म्हणत पट्टी आवळत होते, आणि तापलेली नळी हाताला लागून हात मागे घेत होते. मी त्यांना हाक मारली, ऐकू गेली नाही. मग वैनींनी मारली. तो आवाज कुठून काढला त्यांचं त्यांना माहीत.

"अजी, तिले राहू द्या. मले पाहा."

भाऊ तसेच थांबले. पाना टपावर ठेवला आणि खाली उतरले. मागून नागपूरला जाणारी एस.टी. येत होती, तिला दोन्ही हात करून आडवे गेले. कंडक्टर भला माणूस होता, पुढची सीट रिकामी करून दिली. भाऊ वैनींना उचलून चढले. जीपकडे त्यांनी वळून पाहिलं नाही. मी जीपजवळ थांबलो, कोणीतरी थांबायला पाहिजे होतं म्हणून. तीन तास त्या पुलावर बसून मी फक्त एक आकडा आठवत होतो, बासष्ट.

वैनी वाचल्या. तीन आठवडे इस्पितळात होत्या, आणि तिथूनच त्यांचा भाऊ त्यांना आष्टीला घेऊन गेला. या वेळी आमच्या भाऊंनी आडकाठी केली नाही. महिन्याभराने मी भेटायला गेलो, तर वैनी मळ्यात मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. म्हणाल्या, आता आडवं निजता येतं. हिंगणघाटला हिवाळ्यात बसूनच रात्र काढत होते. इतक्या साधेपणाने त्या बोलल्या, आणि मी मात्र तिथून उठून बांधावर जाऊन रडलो.

भाऊ चाळीत एकटे राहिले. सासुरवाडीत राहणार नाही, हे त्यांनी सोडलं नाही. नोकरीही सोडली नाही. शनिवारी पाळी संपली की वर्धा, आर्वी करत आष्टी, आणि सोमवारी पहाटे परत. जीप ओढून आणून चाळीमागे लावली, तिला पुन्हा हात लावला नाही. थर्मामीटर फिरवणं बंद झालं. कोणाच्या घरी गेले तर दारातच बसायचे. मिलमध्ये मी वही पुढे केली की न बघता सही करायचे. मला ते सहन होत नव्हतं, म्हणून मी दर तासाला खरोखर बघून लिहायला लागलो. माझ्या खऱ्या आकड्यांकडे आता बघणारं कोणी नव्हतं.

अशी साडेतीन वर्षं गेली. साडेतीन वर्षांत नवरा-बायकोला रविवार तेवढे मिळाले. वैनींची फुफ्फुसं आधीच कामातून गेली होती, मोकळ्या हवेने त्यांना जेवढे दिवस द्यायचे तेवढे दिले. त्या गेल्या तो बुधवार होता. भाऊ पाळीवर होते. निरोप मिळून ते पोहोचेपर्यंत लोक तिरडी बांधून वाट बघत होते.

तेरवीला मी आष्टीला गेलो. पंगती उठल्यावर भाऊ मळ्यातल्या विहिरीजवळ बसले होते. मी जवळ जाऊन बसलो आणि सांगून टाकलं. त्या दिवशी टपाचे आकडे मी पाहिले नव्हते, मनाने लिहिले. खरा काटा नव्वदच्या पुढे होता. समोरच्या जागेवर कूलर राहिला असता तर ती नळी सुटली नसती. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं.

"माहीत हाये मले," ते म्हणाले. "त्याच दिवशी समजलं होतं. खरी हवा इतक्या शिस्तीत चालत नाई."

मग बसवला काऊन वर, एवढंच कसंबसं विचारलं.

"मले जे पाह्यजे होतं तेच लिहून आणलं होतं तू."

मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. पट्टी आवळताना भाजलेल्या जागी कातडी अजून गुळगुळीत होती.

"तुले ऊन लागलं होतं. तोंड लाल झालतं तुहं, मले दिसून राह्यलं होतं. तरी मी तुले काट्यावर नजर ठेवाले बसवलं. माफ करजो बाप्पा."

त्यांनी एक थोबाडीत दिली असती तर मी आज मोकळा असतो. ज्या चुकीची माफी मागायला मी एवढ्या लांब गेलो होतो, ती त्यांनीच मागून घेतली आणि पंगतीची भांडी उचलायला निघून गेले.